आज कोण जेवलं नाही?

पहाटे साडेपाच

माघ लागला की कौलांवरचा दंगा वाढतो. दिवस मोठा होऊ लागला की भाट्या, म्हणजे मांजरांच्या माद्या, माजावर येतात आणि तीन गल्ल्यांतले बोके काकींच्या वाड्यावर जमतात. रात्रभर फिस्कारायचं, एकमेकांचे गाल फोडायचे आणि उजाडायच्या आत पसार व्हायचं.

रहिमतपूरच्या जुन्या पेठेतला हा वाडा. मागची पडवी आणि तिला लागून असलेल्या दोन खोल्या काकींनी मांजरांना दिल्या आहेत. दारावर पाटी नाही. सोडून दिलेली, गाडीखाली आलेली, आई हरवलेली मांजरं इथे येतात. बरी होतात, कुणाच्या घरी जातात, नाहीतर इथेच राहतात. राबणारे आम्ही मोजकेच: काकी, मी, शेजारच्या वहिनी आणि कॉलेजची दोन पोरं. पगार कुणालाच नाही.

दार उघडलं की लगेच आत शिरायचं नाही, ही काकींची शिस्त. उंबऱ्यावर उभं राहून आधी बघायचं. मांजर दुखणं लपवतं. ते एकट्याने शिकार करणारं जनावर, आणि एवढंसं असल्यामुळे स्वतःही कुणाच्या तरी तोंडी सापडणारं. अशक्तपणा दाखवला तर धावून यायला कळप नाही. त्यामुळे कण्हणं नाही, ओरडणं नाही. रोजच्या जागेवर ते दिसत नाही, अंग चाटणं थांबवतं, पाठ जरा कुबडी करून बसतं. एवढंच काय ते कळतं.

मग रात्रीच्या बशा बघून वहीत लिहायचं: कोण जेवलं, कोण नाही. दोन-तीन दिवस उपाशी राहिलेल्या मांजराच्या, त्यातही गुबगुबीत मांजराच्या, यकृतात चरबी साचू लागते आणि मग त्याला वाचवणं अवघड होतं. बोका वाळूत पुन्हा पुन्हा जाऊन बसतोय आणि वाळू कोरडीच, म्हणजे लघवी तुंबली. तिथे ‘उद्या बघू’ चालत नाही, लगेच गाडी काढायची.

आज सगळ्या बशा चाटूनपुसून साफ, एक सोडून. कपाटाखालच्या नव्या राखाडी भाटीने तोंड लावलेलं नाही.

सकाळी सात

हा वेळ खराट्याचा आणि बादलीचा. स्वयंसेवक व्हायचं म्हणून उत्साहाने येणाऱ्यांपैकी निम्मे इथेच गळतात. वाळूच्या ट्रेमधले गोळे चाळून काढायचे, ओली वाळू बदलायची, गोधड्या उन्हात टाकायच्या. ट्रे मांजरांच्या संख्येपेक्षा एखादा जास्तच असावा. नाहीतर एखादी मानी मांजर दुसऱ्याच्या ट्रेकडे ढुंकून बघत नाही आणि आपल्या गादीवर राग काढते.

फिनेल इथे बंद आहे. त्यातला फेनॉल पचवून बाहेर टाकायची ताकद मांजराच्या यकृतात फार थोडी. ओल्या फरशीवरून चालायचं, मग पंजे चाटायचे, की विष पोटात. आम्ही पातळ केलेलं ब्लीच वापरतो. ते दहा मिनिटं राहू द्यायचं आणि साध्या पाण्याने धुऊन टाकायचं. मांजरांची खरी साथ म्हणजे पॅनल्युकोपेनिया, कुत्र्यांच्या पार्व्होचा भाऊबंद. त्याचा विषाणू फटीफटींत वर्षभर तग धरतो, साबणाला दाद देत नाही, ब्लीचने मात्र मरतो. म्हणून कामाचा क्रमही ठरलेला: आधी पिल्लांची खोली, मग धडधाकट मांजरं, आजारी सगळ्यात शेवटी. आजाऱ्यांच्या खोलीच्या चपला वेगळ्या.

एवढ्यात सगळे कान एकदम दाराकडे वळतात. आम्हाला काहीच ऐकू आलेलं नसतं. मिनिटभराने नगरपालिकेची घंटागाडी गल्लीच्या तोंडाशी वाजते. ही नगरपालिका १८५३ सालची, तरी तिच्या घंटेने दचकायचं मांजरांनी अजून सोडलेलं नाही. माणसाचा कान वीस हजार हर्ट्झपाशी थांबतो, मांजराचा साठ हजारांच्याही पुढे जातो. उंदरांची बारीक चीची टिपण्यासाठी तो घडलेला आहे.

सकाळी साडेआठ

चिकनच्या दुकानातून हृदय आणि कलेजी येते. ती नुसत्या पाण्यात उकडायची, मूठभर भात कालवायचा. कांदा-लसूण अजिबात नाही, त्याने मांजराच्या रक्तातल्या तांबड्या पेशी फुटतात. शिजवलेलं हाडही नाही.

‘आमच्या आज्जीची मांजरं दूध-पोळीवर वाढली,’ असं प्रत्येक पाहुणा सांगतो. ती वाढली ती आज्जीच्या कोठीतल्या उंदरांवर. टॉरिन नावाचा घटक मांजराला मांसातूनच मिळवावा लागतो. तो कमी पडला की डोळ्यांचा पडदा झिजतो, हृदय सैल पडतं. दुधाचं म्हणाल तर पिल्लूपण सरलं की बहुतेक मांजरांना ते नीट पचत नाही. आवडीने पितात आणि मग आम्हाला ट्रे धुवायला लावतात.

सकाळी दहा

पिल्लांची वेळ. स्वयंपाकघरातला इलेक्ट्रिक काटा, त्यावर वाटी, वाटीत पिल्लू. जन्मलं तेव्हा साधारण शंभर ग्रॅम, पुढे रोज दहा-पंधरा ग्रॅमची भर पडली पाहिजे. आकडा एक दिवस अडला तर कान टवकारायचे, दोन दिवस अडला तर डॉक्टरांना फोन.

दूध पाजताना पिल्लाला उताणं धरायचं नाही, दूध फुप्फुसात जातं. ते पोटावर, आईला लुचताना असतं तसं हवं. पहिले तीन आठवडे त्यांना आपलं आपण शी-शू करता येत नाही. आई चाटून करवते, आई नसेल तर आपण ओल्या कोमट कापसाने पुसायचं. वहिनी हे काम करतात तेव्हा खोलीत कुणी बोलत नाही. कापूस फिरतो, इवलंसं पोट आकसतं, पिवळी धार येते आणि वहिनींच्या चेहऱ्यावर निकाल लागल्याचा आनंद.

दुसऱ्या ते सातव्या आठवड्यात पिल्लाला माणसाचा हात लागला तर ते जन्मभर माणसाळलेलं राहतं. त्यानंतर तेच काम दसपट जिकिरीचं होतं. म्हणून गल्लीतली शाळकरी पोरं आम्हाला संध्याकाळी हवीच असतात.

मांजर पिल्लांना सात घरं फिरवते, हे आपल्याकडे सगळ्यांना माहीत आहे. सात मोजून कुणी बघितलेली नाहीत, पण फिरवणं खरं. एका जागी वास साचला, कुणी डोकावलं, की ती बिऱ्हाड हलवते. तेव्हा आडोशाला नुसतीच पिल्लं दिसली तर उचलून आणू नका, असं आम्ही सांगत असतो. आई बहुधा पुढचं घर बघायला गेलेली असते.

सकाळी साडेअकरा

‘पाटील’ आला. हा कौलांवरचा थोरला बोका, कुणाचाच नाही. डावा गाल टम्म सुजलेला. रात्रीच्या मारामारीतला दात खोल गेला, वरची कातडी मिटली, आत पू झाला. फोटो साताऱ्याच्या डॉक्टरांना पाठवला. त्यांनी दुपारनंतर घेऊन या म्हटलं.

अशा वेळी घरोघरी एक चूक होते: ताप वाटतो म्हणून पॅरासिटामॉलची गोळी दिली जाते. माणसाची एक गोळी मांजराचा जीव घ्यायला पुरते. जे फेनॉलचं, तेच इथेही, ते औषध मांजराला पचवता येत नाही.

पाटलांना पिंजऱ्यात घालायला जाडजूड टॉवेल लागतो आणि पोरांपैकी जो जास्त शांत आहे तो. घाई करणाऱ्याचे हात ओरबाडले जातात.

दुपारी दोन

सगळे झोपलेत. मांजर दिवसाचे बारा ते सोळा तास झोपतं. ही वेळ माझी आणि कपाटाखालच्या राखाडी भाटीची.

मी तिच्याकडे अर्धी पाठ करून जमिनीवर बसते आणि पेपर वाचते, मोठ्याने. बाजारभाव, निधनवार्ता, काहीही. आवाजाची ओळख व्हावी एवढाच हेतू. टक लावून बघायचं नाही, मांजरांत ती धमकी असते. मधूनच तिच्या दिशेने नजर न्यायची, डोळे अर्धे मिटायचे, सावकाश उघडायचे. ससेक्स विद्यापीठातल्या संशोधकांनी २०२० साली हे तपासून पाहिलं. माणसाने असे डोळे मिचकावले तर मांजरंही तसंच उत्तर देतात आणि अनोळखी हाताजवळ यायला जास्त तयार होतात. काकी हे कधीपासून करत आल्या आहेत.

आज तिचे कान मागे चिकटलेले नाहीत, हे पहिलं. डोळ्यांच्या बाहुल्या मोठ्या आहेत, पण शेपूट अंगाभोवती सैल. मी डोळे मिटते, उघडते. ती बघते. बराच वेळ काही नाही. मग तिच्या पापण्या जड होतात, एक बारीक फट उरते. मी सुकटीची बशी बोटाने हातभर पुढे सरकवते आणि पुन्हा बाजारभावाकडे वळते. आल्याचा दर वाचून होईपर्यंत मागून चावल्याचा आवाज येतो. वळून बघायचा मोह आवरावा लागतो.

वहीत लिहिते: राखाडी, दु. २.४०, जेवली.

दुपारी चार

पाहुण्यांची वेळ. साताऱ्याहून आलेल्या एका छोट्या मुलीने आमच्या तीनरंगी मांजरीसमोर, कबरीसमोर, कंदी पेढा धरला. कबरीने हुंगला आणि तोंड फिरवलं. मुलगी हिरमुसली. तिला सांगितलं, मांजराला गोड कळतच नाही. गोडाची चव ओळखणारं एक जनुक त्यांच्यात निकामी झालेलं आहे, ते २००५ साली उलगडलं. मुलगी म्हणाली, ‘बिच्चारी.’ पेढा तिनेच खाल्ला.

कबरीसारखी काळी-पांढरी-तांबूस अशी तीनरंगी मांजर जवळजवळ नेहमी मादीच असते. तांबूस रंगाचं जनुक एक्स गुणसूत्रावर आहे. काळा आणि तांबूस हे दोन्ही रंग एकत्र यायला दोन एक्स लागतात. हे जनुक नेमकं कोणतं, ते जपानी आणि अमेरिकी गटांनी २०२५ साली प्रसिद्ध केलं.

पेठेतले एक धान्याचे व्यापारी आलेत, गोदामासाठी मांजर हवंय. हा सगळ्यात जुना करार. सायप्रसमध्ये सुमारे साडेनऊ हजार वर्षांपूर्वीच्या एका थडग्यात माणसाशेजारी पुरलेलं मांजर सापडलं आहे. शेतकऱ्याने धान्य साठवलं, उंदीर आले, उंदरांमागे मांजर आलं. काकींनी अट घातली: नुसत्या उंदरांवर ठेवायचं नाही, रोज एक वेळ जेवण, पाणी, लस. ‘काळं देऊ का?’ ‘काकी, काळं नको, आडवं जाईल.’ ‘अहो, गोदामात कुठलं आडवं आन् कुठलं उभं!’ बघून ठेवतो म्हणाले.

संध्याकाळी साडेपाच

ऊसतोडीच्या फडातून एक ट्रॅक्टरवाला खोका घेऊन आला. ‘मांजराची पिल्लं हायती, ताई.’ आत बघितलं आणि हात मागे घेतला. राखाडी अंगावर तांबूस ठिपके, कपाळावर गडद उभ्या रेघा. ही वाघाटी, जगातल्या सगळ्यात लहान रानमांजरांपैकी एक. पूर्ण वाढली तरी जेमतेम दीड किलोची. ऊस तिला जंगलासारखा सोयीचा वाटतो आणि तोडणी लागली की पिल्लं उघडी पडतात. १९७२ च्या वन्यजीव कायद्याने तिला वरच्या दर्जाचं संरक्षण आहे. ठेवून घेणं गुन्हाच.

दूध नाही, हाताळणं नाही. खोका झाकला, वन विभागाच्या १९२६ वर फोन केला. त्यांनी सांगितलं, अंधार पडायच्या आत त्याच फडात, त्याच सरीला न्या, आम्ही तिथे येतो. आई रात्री शोधत येते आणि बहुतेक वेळा घेऊन जाते. ट्रॅक्टरवाला जरा खट्टू झाला. त्याने ती वाचवली होती. त्याला म्हटलं, दादा, अजून अर्धं वाचवायचं राहिलंय, चला.

रात्री आठ

पोरं सापळा लावतात. आत सुकट, वर जुनी चादर. उद्याच्या नसबंदीसाठी गल्लीतल्या दोन भाट्या हव्या आहेत. भाटी पाच-सहा महिन्यांची झाली की माजावर येऊ शकते, गाभणपण नऊ आठवड्यांचं, वर्षाला दोन-तीन वेतं. कितीही खोल्या बांधल्या तरी पुरणार नाहीत. मुंबई महापालिकेने २०१९ मध्ये मांजरांची नसबंदी हाती घेतली ती याच हिशेबाने. लहान गावात ते काम वर्गणीवर आणि डॉक्टरांच्या भल्या मनावर चालतं. नसबंदी झाली की भुलीतच कानाचं टोक किंचित कापतात, म्हणजे तिला पुन्हा कुणी पकडत नाही.

पोरांना सक्त ताकीद: चावलं तर लपवायचं नाही. पंधरा मिनिटं वाहत्या पाण्याखाली साबणाने धुवायचं आणि तडक दवाखान्यात रेबीजच्या इंजेक्शनला.

रात्री साडेनऊ

गाल कापून, पू काढून पाटील परत आलेत आणि पिंजऱ्यातून शिव्या देताहेत. वन विभागाचा माणूस फडाच्या कडेला बसून आहे, असा निरोप आला.

उद्यापासून कॉलेजची आणखी एक मुलगी येणार आहे. फोनवर विचारत होती, काय वाचून येऊ? काकींनी सांगितलं, ‘नखं कापून ये, लोंबते कानातले काढून ठेव. आणि पहिले आठ दिवस कुणालाही उचलायचं नाही, नुसतं बघायचं. नवव्या दिवशी मी विचारीन, आज कोण जेवलं नाही. सांगता आलं तर वही तुझ्याकडे.’