गृहसंगणक : संस्करकाची निवड व शीतन

घरगुती संगणकासाठी विश्वासार्ह संस्करक, म्हणजे व्यवहारातील प्रोसेसर, निवडणे आणि त्यात निर्माण होणारी उष्णता बाहेर घालविणे या दोन स्वतंत्र बाबी समजल्या जातात. वस्तुतः त्या परस्परांशी निगडित आहेत. संस्करकाने घेतलेल्या जवळजवळ सर्व विद्युत् ऊर्जेचे रूपांतर अखेर उष्णतेत होते व ही उष्णता खोलीतील हवेतच सोडावी लागते. म्हणून जेथे हवा मुळातच उष्ण असते, तेथे संस्करक किती उष्णता निर्माण करतो व ती किती सुलभपणे निघून जाते, यांवर त्याची विश्वासार्हता बऱ्याच अंशी अवलंबून असते. ठाणे व कल्याण-डोंबिवली हा दाट वस्तीचा प्रदेश या दृष्टीने उदाहरणादाखल घेण्याजोगा आहे.

स्थानिक परिस्थिती : ठाणे शहर खाडीलगत, तर डोंबिवली व कल्याण ही शहरे उल्हास नदीच्या खोऱ्यात, समुद्रापासून अधिक आत वसलेली आहेत. मार्च ते मे या काळात पूर्वेकडील कोरडे वारे समुद्रावरून येणाऱ्या वाऱ्यांना थोपवून धरतात, तेव्हा या भागातील कमाल तापमान मुंबईच्या किनाऱ्यावरील तापमानापेक्षा बरेच वाढते आणि काही दिवशी ते ४०° से.च्या पुढे जाते. पावसाळ्यात २,००० मिमी.हून अधिक पाऊस पडतो व हवा दीर्घकाळ दमट राहते. तापलेल्या गच्चीखालच्या मजल्यावरील घरांत रात्रीही उकाडा कमी होत नाही. २०२० मधील टाळेबंदीत शाळा व कचेऱ्यांचे काम घरांतून होऊ लागले आणि पूर्वी तास-दोन तास वापरला जाणारा संगणक दिवसभर चालू राहू लागला. मध्यमवर्गीय कुटुंबात ही खरेदी वारंवार होत नाही; त्यामुळे यंत्र बिघडल्यास मुलांचे शिक्षण व घरातील नोकरी ही दोन्ही अडतात.

पूर्वपीठिका : उष्णतेचा प्रश्न संगणकाइतकाच जुना आहे. १९४६ मध्ये जाहीर झालेल्या एनिॲक या अमेरिकन संगणकात सु. १८,००० निर्वात नलिका होत्या व त्याला सु. १५० किलोवॉट शक्ती लागे. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत १९६० मध्ये कार्यान्वित झालेला टिफ्रॅक हा संगणकही निर्वात नलिकांवर चालणारा होता. इंटेल कंपनीच्या ४००४ या १९७१ मधील सूक्ष्मसंस्करकात केवळ सु. २,३०० ट्रँझिस्टर असल्याने त्याला पंख्याची गरज नव्हती. १९९३ मध्ये आलेल्या पेंटियमपासून मात्र संस्करकावर धातूचा पंखेदार उष्णताशोषक बसविणे सर्वसामान्य झाले. २००४ मधील पेंटियम ४ च्या काही प्रकारांची निर्धारित उष्णता ११५ वॉटपर्यंत पोहोचली. केवळ कंप्रता वाढवून गती मिळविण्याचा मार्ग त्यानंतर मागे पडला व एकाच संस्करकात अनेक गाभे बसविण्याकडे कल वळला.

उष्णतेचे गणित : संस्करकातील उष्णता ही विद्युत् दाबाच्या वर्गाच्या व कंप्रतेच्या प्रमाणात वाढते. त्याचे तापमान स्थूलमानाने असे काढता येते : खोलीच्या तापमानात, उष्णतेच्या वॉटसंख्येला शीतकाच्या उष्णतारोधाने गुणून येणारी संख्या मिळवावी. शीतकाचा रोध दर वॉटला ०·५° से. व खोली ३६° से. धरल्यास ६० वॉटच्या संस्करकाचे तापमान ६६° से. येते; १२० वॉटच्या संस्करकाचे ९६° से. होते. बहुतेक आधुनिक संस्करकांची कमाल मर्यादा ९५° ते १००° से. असते. ती गाठताच संस्करक आपली कंप्रता आपोआप घटवितो. म्हणजे महाग किमतीला घेतलेली गती ऐन उन्हाळ्यात मिळत नाही. धुळीमुळे शीतकाचा रोध ०·८ झाला, तर ६० वॉटच्या त्याच संस्करकाचे तापमान ८४° से.पर्यंत चढते. वातानुकूलनाने खोली १०° से.ने थंड केल्यास संस्करकही साधारण तितकाच थंड होतो. परंतु या उदाहरणात साचलेल्या धुळीने झालेली वाढ १८° से. आहे. म्हणून घरगुती संगणकास वातानुकूलन अपरिहार्य नाही, स्वच्छता मात्र अपरिहार्य आहे.

निवड : वेष्टनावरील वॉटसंख्या ही कमाल शक्ती नसते, हे ध्यानात घ्यावे लागते. इंटेलच्या कोअर आय३-१२१०० या संस्करकाची मूळ शक्ती ६० वॉट व कमाल ८९ वॉट आहे. कोअर आय९-१३९००के या संस्करकाची मूळ शक्ती १२५ वॉट असली, तरी कमाल शक्ती २५३ वॉट आहे. एएमडीच्या रायझन ५ ५६००जी याची निर्धारित उष्णता ६५ वॉट असून त्यात चित्रसंस्करणाची सोय अंतर्भूत असल्याने वेगळ्या चित्रपत्राची, म्हणजे ग्राफिक्स कार्डाची, उष्णता टळते. लेखन, हिशेब, अभ्यास व दूरस्थ बैठका यांसाठी ६० ते ६५ वॉटच्या वर्गातील संस्करक पुरेसे असतात.

अधिक गती म्हणजे अधिक विश्वासार्हता नव्हे, हे २०२४ मध्ये दिसून आले. इंटेलच्या १३ व्या व १४ व्या पिढीतील उच्च शक्तीचे काही संस्करक अस्थिर होऊ लागले. गरजेपेक्षा जास्त विद्युत् दाबामुळे त्यांची झीज होत असल्याचे निष्पन्न झाले. कंपनीने सुधारित सूक्ष्मसंकेत प्रसृत केले व हमीची मुदत दोन वर्षांनी वाढविली. असे संस्करक जुन्या मालातून घेताना मूळ फलकाची, म्हणजे मदरबोर्डाची, प्रणाली अद्ययावत आहे याची खात्री करणे इष्ट ठरते. मुंबईतील लॅमिंग्टन रोडच्या बाजारात सुटे भाग जुळवून संगणक बांधून घेण्याची प्रथा आहे. तेथे सीलबंद पेटीतील संस्करक व सुटा संस्करक यांच्या किमतींत फरक आढळतो. सुट्या मालासोबत शीतक नसतो व हमीही वेगळी असू शकते. त्यामुळे पावती, अनुक्रमांक व हमीची मुदत पडताळणे आवश्यक असते.

शीतन : पेटीत हवा पुढून व खालून आत येऊन मागून व वरून बाहेर पडावी, अशी पंख्यांची रचना असते. पेटी कपाटाच्या बंद कप्प्यात ठेवल्यास तीच तप्त हवा पुनःपुन्हा आत खेचली जाते. भिंतीपासून एक वीतभर अंतर ठेवल्यास हे टळते. संस्करक व शीतक यांच्यामध्ये उष्णतावाहक लेपाचा पातळ थर असतो. शीतक काढल्यास जुना लेप पुसून नवा लावावा लागतो. धूळ मऊ ब्रशाने अथवा हवेच्या झोताने, वीज तोडून व पंख्याची पाती स्थिर धरून काढतात. पावसाळ्यापूर्वी एकदा व दिवाळीच्या साफसफाईत एकदा असे केल्यास सामान्यतः पुरते. छताचा पंखा खोलीतील हवेचे तापमान कमी करीत नाही, तथापि पेटीभोवतीची तप्त हवा दूर सारतो. पाण्याचा कूलर दमट हवेत फारसा परिणामकारक ठरत नाही व आर्द्रता मात्र वाढवितो.

आर्द्रता व वीजपुरवठा : चालू संगणक खोलीपेक्षा उष्ण असल्याने त्यात सहसा दव साचत नाही. दीर्घकाळ बंद असलेल्या यंत्रात मात्र धूळ ओलावा शोषून घेते व संपर्कबिंदू गंजतात. म्हणून पावसाळ्यात ते अधूनमधून चालविणे हितावह असते. वातानुकूलित खोलीतून दमट हवेत आणलेले यंत्र लगेच सुरू करीत नाहीत. २००५ नंतरच्या काही वर्षांत भारनियमनामुळे कल्याण-डोंबिवलीतील अनेक घरांत इन्व्हर्टर आले. संगणकासाठी मात्र वीज खंडित होताच क्षणार्धात पुरवठा सांभाळणारे साधन आणि चांगल्या प्रतीचा शक्तिपुरवठा विभाग लागतो. या विभागातील विद्युत् विच्छेद्य धारित्रांचे आयुष्य तापमान दर १०° से.ने वाढल्यास सु. निम्मे होते, असा स्थूल नियम आहे. अर्थात शीतनाचा लाभ संस्करकापुरता मर्यादित नसून सर्व घटकांना मिळतो. संस्करकातील तापमापक घटकाचे मापन पडद्यावर पाहता येते. तेच काम करताना हे मापन पूर्वीपेक्षा लक्षणीय वाढलेले आढळल्यास, नवा भाग विकत घेण्यापूर्वी धूळ, पंखा व लेप या क्रमाने तपासणी करणे योग्य ठरते.