आठ हजार ऐंशी नंबरचं पेटंट

मिरकरवाडा बंदराजवळच्या बर्फ फॅक्टरीत चालायचं ते टाकीवरून. पायाखाली ओळीने लाकडी झाकणं, ओली, पावलांनी गुळगुळीत झालेली. एक झाकण उचललं की खाली पत्र्याचा उभट डबा, जवळजवळ काठापर्यंत पाण्याने भरलेला, आणि डब्यांच्या मधल्या फटींतून संथ सरकणारं गढूळ पाणी. त्यात हात घालायचा नाही, असं ऑपरेटरने आधीच बजावलेलं असतं. हे पाणी शून्याखाली आठ-दहा अंशांवर असूनही गोठत नाही, कारण ते चांगलंच खारं केलेलं आहे. इथे सगळे त्याला ब्राईन म्हणतात.

मी ते बघायला गेले होते एका डॉक्टरच्या पेटंटामुळे.

जॉन गॉरी १८३३ साली फ्लोरिडातल्या अपालाचिकोला बंदरात दवाखाना थाटून बसला. कापसाची गलबतं, सभोवती दलदल, आणि उन्हाळा आला की हिवताप नाहीतर पिवळा ताप. रोग खराब हवेतून येतो अशी त्या काळच्या डॉक्टरांची समजूत होती, तशी त्याचीही होती. हिवतापातला डासाचा हात रोनाल्ड रॉसने सिकंदराबादेत दाखवला तो १८९७ साली. गॉरीने आपला इलाज चालवला तो हवेवर. रुग्णांच्या खोलीत छताशी बर्फाची भांडी टांगायची. गार हवा जड असल्यामुळे आपसूक खाटांवर उतरते. अडचण बर्फाची. तो उत्तरेकडच्या गोठलेल्या तळ्यांतून कापून जहाजाने यायचा, आणि जहाज लांबलं की रुग्ण घामाघूम. (बोस्टनच्या फ्रेडरिक ट्यूडरचा असाच तळ्यातला बर्फ १८३४ पासून आपल्या मुंबईलाही येत होता. जमशेटजी जीजीभाईंनी मेजवानीत आइस्क्रीम वाढलं आणि पाहुण्यांना सर्दी झाली, असा किस्सा त्या काळातला आहे.)

तेव्हा बर्फ घरीच करावा, या ध्यासाने गॉरीने १८४५ च्या सुमारास दवाखाना सोडला. ६ मे १८५१ रोजी त्याला अमेरिकेचं ८०८० क्रमांकाचं पेटंट मिळालं. निदान चुकलेलं होतं, यंत्र जमलं होतं.

पेटंट वाचायचं तर चित्रांपासून सुरुवात करू नये, शेवटचे दावे आधी वाचावेत. तपशील कितीही असो, हक्क तिथे मागितलेला असतो. हवा दाबली की तापते आणि फैलावली की गार होते, यावरच गॉरीचं यंत्र चालायचं. पण हे त्याच्या आधीपासून ठाऊक होतं; त्यावर त्याने हक्क सांगितलाच नाही. त्याने मागितलं ते वेगळं. पहिलाच दावा असा, की त्या थंडीत न गोठणारा एक द्रव मध्ये ठेवायचा. तो बर्फ व्हायच्या पाण्याची उष्णता घेईल आणि फैलावणाऱ्या हवेला देईल.

मिरकरवाड्याच्या टाकीतही मधला माणूस असाच ठेवलेला आहे. ब्राईन हा इथला हमाल: डब्यांतून उष्णता उचलायची, अमोनियाच्या नळ्यांपाशी नेऊन टाकायची, पुन्हा रिकाम्या हाताने परत यायचं. एका टोकाला पंखा त्याला फिरता ठेवतो. खारटपणा कमी झाला तर ते नळ्यांवरच गोठू लागतं, म्हणून काचेचा हायड्रोमीटर बुडवून घनता बघतात. डब्यातलं पाणी शून्यापर्यंत उतरायला फार वेळ घेत नाही. खरा वेळ आणि खरी वीज जाते ती शून्यावर. अठ्ठावीस अंशांचं एक किलो पाणी शून्यावर आणायला २८ किलोकॅलरी काढाव्या लागतात, आणि मग त्याचा बर्फ करायला आणखी ८०. त्यातून बर्फ कडेकडून आत धरत जातो आणि धरलेला थरच आतल्या पाण्याला थंडी पोचू देत नाही. म्हणून आज भरलेला डबा उद्या निघतो.

निघतानाचं काम मात्र झटपट. क्रेन अख्खी ओळ उचलते, डबे क्षणभर साध्या पाण्यात बुडवते, लादी सुटते, चौकट कलंडते आणि माणसापेक्षा जड लाद्या धडधडत घसरगुंडीवरून येतात. अणकुचीदार आकडा रोवून एकटा माणूस ती लादी क्रशरकडे ओढत नेतो. जोर फारसा लागत नाही, ती स्वतःच्याच पाण्यावर सरकते. क्रशरमधून चुरा थेट ट्रॉलरच्या खणात.

गॉरी धंद्यात हरला त्याचं एक कारण पैशाचं: भांडवल घालणारा भागीदार वारला, दुसरा मिळाला नाही, आणि १८५५ मध्ये गॉरीही गेला. दुसरं कारण हवेचंच होतं. मिरकरवाड्याच्या नळ्यांत वाहतो तो अमोनिया. एक किलो अमोनिया वाफ होताना सुमारे १,३०० किलोज्यूल उष्णता शोषतो. एक किलो हवा एका अंशाने तापताना जेमतेम एक. हवेवर बर्फ करायचा तर पंपाने नुसती हवाच हवा ओढत बसायचं. अमोनिया नाकाला फार लागतो हे खरं. कुठे गळतोय असा वास आला की इथे गंधकाची वात पेटवून सांध्यांजवळून फिरवतात. पांढरा धूर दिसला की तिथे गळती.

दुसऱ्या दाव्याचं नशीब उलट निघालं. फैलावणाऱ्या हवेकडून इंजिन फिरवून घ्यायचं आणि तो जोर हवा दाबणाऱ्या पंपाला परत द्यायचा, असं गॉरीचं म्हणणं होतं. दाबलेल्या हवेच्याच बेल-कोलमन यंत्राने १८८० साली ऑस्ट्रेलियाचं गोठवलेलं मांस स्ट्रॅथलेव्हन जहाजातून लंडनला पोचवलं. आपली इंजिनिअरिंगची मुलं रेफ्रिजरेशनच्या पेपरात बेल-कोलमन सायकल घोकतात, गॉरीचं नाव सहसा येत नाही. प्रवासी विमानातल्या एसीत आजही बहुधा हवाच फैलावते आणि तिने फिरवलेला टर्बाइन कॉम्प्रेसर ओढतो. तिथे वजन वाचतं आणि हवा इंजिनातून आयती मिळते.

तिसरा दावा गोठवण्याच्या दिशेचा: पाणी हळूहळू सोडायचं आणि खालच्या बाजूने गोठवायचं. बर्फ खालून वर चढला की पाण्यातली हवा वर निसटते, लादी काचेसारखी होते. शिल्पकारांसाठी पारदर्शक लाद्या काढणारी यंत्रं आज तेच करतात, वरचं पाणी पंपाने ढवळत ठेवून. मिरकरवाड्याच्या लादीच्या पोटात मात्र पांढरा धुरकट पट्टा असतो, कारण कडेने कोंडलेली हवा शेवटी मध्येच अडकते. तो घालवता येईल का, असं मी ऑपरेटरला विचारलं.

"येईल की, ताई. प्रत्येक डब्यात हवेची नळी सोडायची, मधलं पाणी उपसायचं, नवं भरायचं. पण करायचंय काय? बांगड्याला त्यात तोंड बघायचंय का?"