मुलांची चाल आकड्यांत कशी मांडतात?

परवा सोसायटीतल्या एका ताईंनी विचारलं, "सेरेब्रल पाल्सीत पायाचं ऑपरेशन करायचं की नाही, हे ठरवतात कसं?" मी डेटावाला, डॉक्टर नाही; पण विषय माझ्या आवडीचा!

त्यासाठी आधी मुलाची चाल मोजतात. गेट लॅबमध्ये (इंग्रजी ‘gait’ म्हणजे चाल) मुलाच्या अंगावर छोटे मार्कर चिकटवतात. तो चालताना कॅमेरे कंबर, गुडघा, घोटा यांचे कोन टिपतात.

अमेरिकेत २००८ मध्ये अशा नोंदींवरून ‘गेट डेव्हिएशन इंडेक्स’ तयार झाला. १०० किंवा जास्त म्हणजे चाल सर्वसाधारण. गुण जितके कमी, तितकी ती वेगळी. ऑपरेशनच्या आधीची आणि नंतरची चाल त्यामुळे नेमकी ताडून बघता येते.

२०२० मध्ये स्टॅनफर्डच्या गटानं मिनेसोटातल्या जिलेट रुग्णालयातल्या १,०२६ रुग्णांचे साधे व्हिडिओ वापरून संगणकाला याच इंडेक्सचा अंदाज बांधायला शिकवलं. एका कॅमेऱ्यात! (निर्णय मात्र डॉक्टरांचाच हं.)