न दिसणारी टीप गुप्त नसते

समजा, मराठी विकिपीडियावरच्या सोनपेठच्या पानात लोकसंख्येच्या आकड्यापुढे एखाद्या संपादकाने ही ओळ लिहून ठेवली:

<!-- आकडा २०११च्या जनगणनेचा. नवा आला की बदलावा -->

पान वाचणाऱ्याला यातले अक्षरही दिसत नाही. त्यामुळे अशी टीप खासगी राहते, असे अनेकांना वाटते. प्रत्यक्षात ‘संपादन’वर टिचकी मारली की ती कोणालाही वाचता येते. पुढे ती कोणी काढून टाकली, तरी पानाच्या ‘इतिहासा’त उरतेच. विकिपीडियाची मीडियाविकी प्रणाली वाचकासाठी पान तयार करताना टीप निदान गाळते तरी. साध्या एचटीएमएल पानात मात्र ती थेट वाचकाच्या ब्राउझरपर्यंत येते आणि पानाचा स्रोत उघडताच समोर दिसते. तिथे पासवर्ड लिहिणे म्हणजे कुलूप लावून किल्ली चौकटीवर ठेवणे.

टीप इंग्रजीतच हवी, हाही गैरसमज. सुरुवातीची <!-- आणि शेवटची --> या खुणा तेवढ्या ठरलेल्या. मधला मजकूर खुशाल देवनागरीत लिहावा.

खरी फजिती होते ती टिपेत टीप घातल्यावर. परभणी जिल्ह्यातल्या नऊ तालुक्यांची यादी तात्पुरती झाकायची म्हणून कोणी तिच्या आधी आणि नंतर खुणा टाकल्या, पण सोनपेठच्या ओळीत आधीचीच एक टीप होती. कंसांप्रमाणे इथेही जोड्या जुळतील, अशी त्याची अपेक्षा. संगणक जोड्या मोजत बसत नाही. शेवटची खूण पहिल्यांदा दिसली की त्याच्या लेखी टीप संपली. म्हणून सोनपेठच्या पुढचे तालुके पानावर झळकतात आणि यादीखाली एक अनाथ --> लटकत राहते. उलट, शेवटची खूण विसरलीच, तर तिथून पुढचा सगळा मजकूर गायब! तो पुसलेला नसतो, पण पाहणाऱ्याच्या काळजाचा ठोका चुकतो.

प्रोग्रामिंगची सवय असलेले // किंवा # वापरून बघतात. विकीवर // जसेच्या तसे छापले जाते आणि ओळीच्या सुरुवातीचा # क्रमांकित यादी सुरू करतो.

मजकुराच्या मधोमध दोन संयोगचिन्हे चालतात का? १९९८च्या एक्सएमएल नियमांत सक्त मनाई, आजच्या एचटीएमएलमध्ये मुभा. याहून जास्त छळतात ते परस्पर ‘दुरुस्ती’ करणारे वर्ड आणि मोबाइलचे कीबोर्ड. दोन संयोगचिन्हांची ते एक लांब रेघ करून टाकतात. विकीवर सुरुवातीच्या खुणेत हे झाले, तर टीप चारचौघांत उघडी पडते. शेवटच्या खुणेत झाले, तर पुढचे पान झाकले जाते. जतन करण्याआधी ‘झलक’ पाहिली, तर दोन्ही प्रकार तिथेच पकडता येतात.