समुद्र राखण्याची क्षमता कोणाची?

पुण्याच्या खराडीत बर्फावरचं पापलेट निवडणाऱ्याला समुद्र दूरचा वाटतो. पण किनाऱ्यावर काय पकडलं जाणार, हे शहरांच्या मागणीवरही ठरतं. म्हणून मच्छीमारांविषयीचे तीन समज तपासून पाहू.

गैरसमज : मच्छीमारांना समुद्र सांभाळायला शिकवावं लागतं.
वस्तुस्थिती : नारळी पौर्णिमेपर्यंत होडी न लोटण्याचा रिवाज सरकारी बंदीपेक्षा जुना आहे. आज यांत्रिक नौकांना १ जून ते ३१ जुलै बंदी असते. मालवणच्या किनाऱ्यावर रापण (किनाऱ्यावरून ओढायचं मोठं जाळं) लावणारे संघ मासळी वाट्यांनी विभागतात. म्हणजे शिस्त आणि वाटणी कोळी-गाबित मच्छीमारांना नवी नाही. उणीव आहे ती साठ्यांच्या माहितीची, सुधारित जाळ्यांची आणि नियम मोडणाऱ्याला रोखण्याच्या अधिकाराची. क्षमताबांधणी म्हणजे या तिन्ही गोष्टी त्यांच्या हाती देणं.

गैरसमज : पोटावर पाय येतो, म्हणून ते संवर्धनाला तयार होत नाहीत.
वस्तुस्थिती : नुकसानीचा भार एकट्यावर पडला नाही, तर ते पुढे येतात. जाळं कापून कासव किंवा व्हेल शार्क सोडणाऱ्याला कमाल २५ हजार रुपये भरपाई देणारी योजना राज्याने डिसेंबर २०१८मध्ये आणली. सुटकेचे पुरावे, फोटो मच्छीमारच देतात. सिंधुदुर्गात ट्रॉलरच्या जाळ्याला ४० मिलिमीटरची चौकोनी आस (जाळ्याचं छिद्र) लावण्याचा प्रयोग झाला. शंकरपाळ्याच्या आकाराची आस ताण पडताच मिटते. चौकोनी आस उघडी राहते आणि पिल्लं निसटतात.

गैरसमज : कायदा आहे, एवढं पुरे.
वस्तुस्थिती : राज्याचा सागरी मासेमारी कायदा १९८१चा आहे. २०१६मध्ये पर्ससीनवर (थव्याला वेढणाऱ्या मोठ्या जाळ्यावर) निर्बंध आले, २०१७मध्ये केंद्राने एलईडी दिव्यांनी मासेमारी करण्यावर बंदी घातली आणि २०२१च्या दुरुस्तीने दंड वाढवला. तरी पारंपरिक आणि पर्ससीनवाल्या मच्छीमारांमधला संघर्ष थांबला नाही, कारण अथांग समुद्रावर मोजक्या गस्ती नौका अपुऱ्या पडतात. काही मच्छीमारच पर्ससीन चालवतात, मग अधिकार कोणाला द्यायचा, हा आक्षेप रास्त आहे. समाज एकजिनसी नाही, म्हणूनच निर्णय घेताना पारंपरिक आणि यांत्रिक मच्छीमारांसोबत मासळी विकणाऱ्या स्त्रियाही बसायला हव्यात, आणि नियम सर्वांना सारखा लागू व्हायला हवा. अन्यथा थांबणाऱ्याचा मासा दुसराच नेतो.

२०२३मध्ये राज्याने ५४ जातींच्या माशांसाठी किमान आकार ठरवला, तर पापलेटला राज्यमासा घोषित केलं. ताटात मावेल एवढंसं पापलेट आपण मागत राहिलो, तर हे नियम कागदावरच राहतील. पिल्लं विकत घेऊ नका आणि विक्रेत्याला त्याचं कारणही सांगा.