शेवटचे औषध आणि कोंबडीचे खाद्य

माझ्या वर्गात शेतकरी घरांतली मुले बरीच असतात. गोठ्यात किंवा पोल्ट्रीत दिलेल्या औषधामुळे माणसाच्या औषधाचा गुण कसा जातो, असे ती विचारतात. याचे उत्तर कोलिस्टिन या औषधाच्या गोष्टीत आहे.

कोलिस्टिन हे जुने प्रतिजैविक. मूत्रपिंडांना अपाय होतो म्हणून डॉक्टरांनी ते बरीच वर्षे बाजूला ठेवले होते. पुढे नवी औषधे लागू पडेनाशी झाली, तेव्हा अत्यवस्थ रोग्यांसाठी तेच शेवटचा आधार ठरले. पण अनेक देशांत ते डुकरांच्या आणि कोंबड्यांच्या खाद्यात मिसळले जात होते, तेही वजन लवकर वाढावे म्हणून!

नोव्हेंबर २०१५ मध्ये चीनमधील संशोधकांनी 'एमसीआर-१' हे जनुक जाहीर केले. कोलिस्टिनला दाद न देण्याची ताकद ते जिवाणूंना देते. तपासलेल्या डुकरांपैकी २१ टक्के, कच्च्या मांसाच्या नमुन्यांपैकी १५ टक्के आणि रुग्णालयातील रोग्यांच्या सुमारे १ टक्का नमुन्यांत ते सापडले.

धास्तीचे कारण वेगळेच होते. हे जनुक प्लाझ्मिड नावाच्या डीएनएच्या छोट्या कड्यावर असते आणि एक जिवाणू त्या कड्याची प्रत दुसऱ्याला, अगदी वेगळ्या जातीच्या जिवाणूलाही, देऊ शकतो. जनावराच्या पोटात रोज थोडेथोडे औषध गेले की साधे जिवाणू मरतात आणि हेच माजतात. मग शेण, सांडपाणी, न धुतलेले हात, कच्चे मांस अशा वाटांनी ते माणसापर्यंत येतात.

चीनने २०१७ मध्ये वजनवाढीसाठी खाद्यात कोलिस्टिन घालणे बंद केले. नंतरच्या तपासण्यांत या जनुकाचे प्रमाण डुकरांत आणि माणसांतही घटलेले दिसले. भारताने जुलै २०१९ मध्ये दूध, मांस, अंडी देणाऱ्या जनावरांसाठी कोलिस्टिनवर बंदी घातली.

मात्र ही बंदी एका औषधावर होती. आपली सवय अनेक औषधांची आहे. म्हशीची कास सुजली की दुकानातून परस्पर इंजेक्शन आणायचे आणि त्याच दिवशीचे दूध डेअरीत घालायचे, हे थांबले पाहिजे. औषध पशुवैद्याच्या सल्ल्याने द्यावे आणि त्यांनी सांगितलेले दिवस दूध विकू नये. खाद्याच्या पोत्यावर काय लिहिले आहे ते, मराठीत असो की कन्नडमध्ये, वाचून घ्यावे. घरात दूध उकळावे, मांस पुरते शिजवावे, कच्चे मांस चिरल्यावर हात आणि विळी साबणाने धुवावी. घरातले कोणी उद्या अत्यवस्थ झाले, तर डॉक्टरांच्या हाती एखादे लागू पडणारे औषध उरायला हवे.