‘लिथॉप्स’: पाण्याच्या अतिरेकाने दगावणारी वनस्पती

दक्षिण आफ्रिका आणि नामिबियाच्या रखरखीत प्रदेशातील ‘लिथॉप्स’ ही वनस्पती हुबेहूब गारगोटीसारखी दिसते. १८११ मध्ये निसर्ग-अभ्यासक विल्यम बर्चेल यांनी ती खडा समजूनच उचलली होती. घरी मात्र ही वनस्पती पाण्याअभावी नव्हे, तर बहुधा अतिपाण्याने कुजते. तिची दोन जाड पाने हाच तिचा जलसाठा होय. फुलोऱ्यानंतर त्यांच्यामधून पानांची नवी जोडी उगवते आणि जुन्या पानांतील पाणी शोषून वाढते. त्यामुळे जुनी पाने कागदासारखी सुकेपर्यंत पाणी पूर्णतः बंद ठेवावे. एरवीही माती संपूर्ण कोरडी झाल्यावरच पाणी द्यावे. वाळू-खडीमिश्रित माती, तळाशी छिद्र असलेली खोल कुंडी आणि भरपूर उजेड आवश्यक आहे. पावसाळ्यात कुंडी आडोशाला ठेवावी.